फोर्ट स्टिकीनच्या दोन नंबरच्या फाळक्यात काय भरलं होतं

प्रश्न असा आला आहे: "माझे आजोबा १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कामाला होते. फोर्ट स्टिकीन हे जहाज युद्धात घाईघाईने बांधलेलं, कच्चं होतं म्हणून उडालं, असं घरात ऐकत आलो. हे खरं का? स्फोटाआधी या जहाजाची कारकीर्द काय होती? दारूगोळ्यासोबत कापूस भरूच कसा दिला? एवढं पाणी मारूनही आग का विझली नाही? आणि त्याच्या जोडीच्या बाकी जहाजांचं पुढे काय झालं?"

मी बत्तीस वर्षं मालबोटींवर काढली. त्यातली सुरुवातीची बरीचशी कंटेनर यायच्या आधीची, म्हणजे पोती, गासड्या, पिंपं, लाकडी खोकी असा सुटा माल वाहायची. चीफ ऑफिसर झाल्यावर कुठल्या होल्डमध्ये (होल्ड म्हणजे बोटीच्या पोटातला मालाचा कप्पा) काय, कशाच्या वर आणि कशाच्या शेजारी भरायचं याचा नकाशा काढणं हेच माझं मुख्य काम होतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नांपैकी मला सगळ्यात जवळचा आहे तो कापसाचा. तिथे मी जरा रेंगाळणार, आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बोट कच्ची नव्हती. उडाली तेव्हा ती पुरती दोन वर्षांचीही नव्हती. ३१ जुलै १९४२ ला ती पाण्यात उतरली, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रूपर्ट इथे. जंगल, सतत पाऊस आणि रेल्वेचं शेवटचं स्टेशन असलेलं हे बंदर. ७,१४२ टनांची ही बोट, पोटात सुमारे दहा हजार टन माल घेणारी. या मालिकेतल्या बोटींना हडसन्स बे कंपनीच्या जुन्या व्यापारी ठाण्यांची नावं दिली होती. स्टिकीनचं ठाणं आजच्या अलास्कातल्या रँगेलला होतं. बोट अमेरिकेच्या मदत योजनेतून ब्रिटनला मिळाली आणि ब्रिटिश सरकारच्या वतीने पोर्ट लाइन ही कंपनी ती चालवायची.

तिचा आराखडा मात्र कॅनडाचाही नव्हता आणि अमेरिकेचाही. तो इंग्लंडातल्या सन्डरलंडचा, जे. एल. थॉम्पसन यांच्या नॉर्थ सँड्स यार्डाचा. १९४० मध्ये जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत होत्या त्या वेगाने ब्रिटनला नव्या बांधणं जमेना. म्हणून त्याच घराण्यातले सिरिल थॉम्पसन नकाशे घेऊन अमेरिकेला गेले. साठ बोटींची ऑर्डर अमेरिकेत दिली, सव्वीसची कॅनडात. परतताना ते ज्या बोटीवर होते ती वेस्टर्न प्रिन्स डिसेंबर १९४० मध्ये पाणबुडीने बुडवली. थॉम्पसन लाइफबोटीतून वाचले. याच मूळ नकाशावरून अमेरिकनांनी पुढे आपली लिबर्टी नावाची मालबोट बेतली आणि तशा २,७१० बोटी काढल्या. कॅनडावाल्यांनी काढल्या त्या फोर्ट आणि पार्क. आपल्याकडे जुने लोक सरसकट सगळ्यांनाच 'लिबर्टी' म्हणतात आणि 'कच्ची बोट' ही समजूत बहुधा तिथूनच आली असावी.

कारण लिबर्टी खरोखरच तडकायच्या. त्यांचे पत्रे एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले. थंड पाण्यात ते पोलाद काचेसारखं ठिसूळ व्हायचं, फाळक्याच्या, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या, चौकोनी कोपऱ्यातून चीर निघायची आणि वेल्डिंगमुळे सगळा सांगाडा एकसंध असल्याने ती चीर न थांबता पुढे पळायची. काही बोटी अक्षरशः मधोमध मोडल्या. हे वेल्डरच्या हातामुळे होतं की पोलादामुळे, यावर बरीच डोकेफोड झाली. मुळात पोलादच थंडीत ठिसूळ होतं हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी दाखवून दिलं. फोर्ट स्टिकीनच्या जातीच्या बोटी मात्र मुख्यतः रिव्हेट मारून बांधलेल्या होत्या. रिव्हेटवाल्या बोटीत चीर एका पत्र्याच्या कडेपर्यंत जाते आणि सांध्यावर थांबते. बांधायला वेळ जास्त, माणसं जास्त, वजन जास्त; पण अंग भक्कम. घाई होती ती नक्षीकामात: वळणदार काही नाही, रंग एकच, केबिनी साध्या. सांगाड्यात घाई नव्हती.

इंजिनही तसंच, मुद्दाम जुन्या धाटणीचं. तीन सिलिंडरचं वाफेचं इंजिन, सुमारे अडीच हजार अश्वशक्तीचं. कोळशावर चालणारे तीन बॉयलर. त्या काळात टर्बाइन आणि डिझेल दोन्ही होती, पण ती युद्धनौकांना हवी होती आणि ती चालवणारी माणसंही. वाफेचं हे इंजिन कुठलाही म्हातारा इंजिनियर डोळे मिटून चालवेल. ब्रिटनकडे तेल नव्हतं, कोळसा होता, म्हणून फोर्टला कोळशाच्या भट्ट्या, लिबर्टीला तेलाच्या. कोळशाची बोट म्हणजे खाली आगवाले आणि कोयलेवाले यांची फौज आलीच. आपल्या मुंबईतून ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर जाणाऱ्यांची वाटणी ठरलेली असायची: डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, सुकाणी, तांडेल, सारंग, खाली भट्टीपाशी पठाण आणि पंजाबी, सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात, गोंयकार. कोकणातल्या कितीतरी घरांत आजही जुन्या ट्रंकेत कुणाचा तरी 'नली' सापडतो. नली म्हणजे खलाशाचं सर्व्हिस बुक.

आता तिची कारकीर्द. मालबोटीची कारकीर्द सांगायला बसलं की लोक लढायांची वाट पाहतात. तसं काही नसतं. वेग भरल्या बोटीचा अकरा नॉट, म्हणजे ताशी वीस किलोमीटर, सायकलवाला गाठेल इतका. त्यातही काफिल्यात सगळ्यात हळू बोटीच्या चालीने जायचं. मागच्या डेकवर एक तोफ, ब्रिजच्या, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीच्या, बाजूला विमानांवर मारायच्या छोट्या तोफा, त्या चालवायला थोडे गोलंदाज. रात्री दिवे बंद, पुढच्या बोटीच्या मागे पाण्यात उठणारी पांढरी रेघ बघत सुकाणू धरायचं. न बुडता पोचणं हेच यश, आणि ते या बोटीने शेवटच्या बंदरापर्यंत दर वेळी मिळवलं. शेवटची खेप सुरू झाली २४ फेब्रुवारी १९४४ ला, लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडहून. जिब्राल्टर, पोर्ट सैद, सुएझमार्गे ३० मार्चला कराची. तिथून १२ एप्रिलला मुंबई. कॅप्टन होते अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ.

बर्कनहेडला जे भरलं त्याचा आकडा लक्षात ठेवा: १,३९५ टन दारूगोळा. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, त्यात २३८ टन 'ए' वर्गाची म्हणजे सगळ्यात नाजूक स्फोटकं. शिवाय खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमानं. शिवाय सोनं, लाकडाच्या ३१ पेट्यांत विटा, पोलादी टाकीत घालून वरून वेल्ड केलेल्या. रुपयाला टेकू द्यायला पाठवलेल्या. दारूगोळा दोन आणि चार नंबरच्या होल्डमध्ये वरच्या मजल्यावर, ज्याला आम्ही ट्वीन डेक म्हणतो, तिथे होता. हे अगदी शहाणपणाचं काम आहे. तीन नंबरचा होल्ड बॉयलरला खेटून, तिथे उष्णता. अगदी खाली घातला तर त्यावर वजन येतं आणि काढायला उशीर. मी असतो तरी तिथेच घातला असता. बर्कनहेडच्या नकाशात मला चूक दिसत नाही.

चूक झाली कराचीत, आणि तिलाही चूक म्हणताना जीभ अडखळते. तिथे विमानं आणि काही सामान उतरलं. होल्डमध्ये मोठी जागा मोकळी झाली. युद्धाच्या काळात मोकळी जागा हा गुन्हाच: प्रत्येक घनफुटामागे कुणीतरी शत्रूच्या पाणबुड्यांमधून वाट काढून आलेला असतो. बंदरात माल तुंबून पडलेला, बोटींचा तुटवडा आणि ही तर पुढे मुंबईलाच चाललेली. मग चढवला तो माल ऐका: कापसाच्या ८,७०० गासड्या, वंगण तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, तांदूळ, राळ, सुक्या मासळीचं खत. यातली प्रत्येक वस्तू एकटी घेतली तर रोजचा माल आहे. मी यातली जवळजवळ सगळी कधी ना कधी वाहिली आहे. आणि गासड्यांपैकी काही गेल्या दोन नंबरच्या होल्डच्या तळात, म्हणजे स्फोटकांच्या बरोब्बर खाली.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, जी बोटीच्या पोटात न उतरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. तळ आणि ट्वीन डेक यांच्यामध्ये पोलादी मजला असतो खरा, पण फाळक्याच्या चौकटीएवढं त्याला भगदाड असतं, नाहीतर खाली माल उतरवणार कसा? त्या काळात ते भगदाड झाकायला लाकडी फळ्या असत. वरच्या उघड्या डेकवरच्या फळ्यांवर ताडपत्री तरी ताणून पाचर मारून बसवलेली असते. आतल्या मजल्यावर नुसत्या फळ्या. दोन फळ्यांच्या फटीतून बोट जातं. दोन नंबरच्या होल्डमध्ये कापूस आणि स्फोटकं यांच्यात, त्या चौकटीत, लाकडाच्या फळ्या होत्या.

आता कापूस. कापसाला लोक गवतासारखा समजतात, भपकन पेटेल आणि संपेल. दाबलेली गासडी तशी पेटत नाही. तिच्यात धाग्याधाग्यात हवा कोंडलेली असते. एक ठिणगी आत शिरली की ती वाळवीसारखी आत आत खात जाते, ज्वाळा नाही, धूरही फारसा नाही, दोन दिवस, पाच दिवस. तेल लागलेली गासडी तर ठिणगीशिवायही तापते. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९८० च्या सुमारास आम्ही पोर्ट सुदानहून कापूस घेऊन मुंबईला येत होतो. तिसऱ्या रात्री कसाब, म्हणजे डेकचा भांडारी, मला उठवायला आला: "साब, चार नंबरच्या व्हेंटिलेटरपाशी इस्त्रीचा वास येतो." खरंच इस्त्रीचा, ओलसर कपड्यावर जास्त वेळ ठेवलेल्या इस्त्रीचा. धूर दिसत नव्हता. फाळका उघडून बघायचा मोह फार होतो अशा वेळी, आणि तो टाळणं हीच विद्या. आम्ही व्हेंटिलेटर कापडाने गच्च बांधले, कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्या सोडल्या आणि मुंबई येईपर्यंत फाळक्याला हात लावला नाही. डेकवर चप्पल घालून उभं राहिलं की कुठे गरम लागतं ते तांडेल दर दोन तासांनी बघायचा.

गोदीत फाळका उघडला तेव्हा फक्त अकरा गासड्या जळालेल्या. एक वरून पांढरीशुभ्र होती. मुकादमाने तिची लोखंडी पट्टी तोडली, गासडी फुलली आणि आतून काळा, नारळाएवढा गाभा निघाला. हवा लागताच तो लाल झाला. ती गासडी आम्ही पाण्याच्या पिंपात दाबून बुडवली, रात्रभर तशीच ठेवली, सकाळी धक्क्यावर काढली. दुपारी जेवून येतो तो तिच्यातून पुन्हा धूर.

हे मनात धरून १४ एप्रिल १९४४ कडे या. शांततेच्या काळात स्फोटकांची बोट गोदीत येऊच द्यायची नाही, बाहेर खाडीत नांगरायची आणि बार्जमध्ये माल उतरवायचा, असा रिवाज होता. युद्धात तो सैल झाला. दुसरं, धोकादायक माल असेल तर लाल बावटा चढवायचा. फोर्ट स्टिकीनवर तो नव्हता. त्या दिवसांत बंदरातल्या अर्ध्याअधिक बोटींत काही ना काही दारूगोळा असणारच, मग किती जणांनी बावटे लावायचे? बोट व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागली. स्फोटकं उतरवायला बार्ज हव्या होत्या, त्यांची वाट बघणं चालू होतं. तोवर आधी काय उतरवलं? घाण वास मारणारं मासळीचं खत. माणसाच्या नाकाने प्राधान्य ठरवलं असं म्हणा. मी हसत नाही. मीही असंच केलं असतं, गँग तक्रार करत असते.

दुपारच्या जेवणाची सुट्टी संपून माणसं परतली आणि दोनच्या सुमारास दोन नंबरमधून धूर दिसला. आगीचं कारण बहुधा कुणीतरी टाकलेली विडी-सिगारेट. घातपाताचा पुरावा चौकशीत सापडला नाही. बोटीची माणसं, गोदीचे बंब, शहराचे बंब सगळे आले. नऊशे टनांहून जास्त पाणी होल्डमध्ये ओतलं.

तुमचा प्रश्न इथेच आहे: आग विझली का नाही? एक तर, आग तळात, गासड्यांच्या रचणीत कुठेतरी आत, आणि धुरामुळे तिचं तोंड कुणाला सापडेना. वरून मारलेलं पाणी गासडीच्या बाहेरून ओघळतं, आत शिरत नाही. दुसरं कारण मला जास्त भयंकर वाटतं. दाबलेली गासडी पाण्यापेक्षा हलकी असते. होल्डमध्ये पाणी चढलं तशा जळत्या गासड्या पाण्यावर तरंगत वर येऊ लागल्या. वर म्हणजे कुठे? त्या फळ्यांकडे. जितकं पाणी जास्त, तितकी आग दारूगोळ्याच्या जवळ. बंबवाले आपलं काम चोख करत होते आणि त्या कामानेच आग एकेक फूट उचलली जात होती.

बोटीच्या बाहेरच्या पत्र्यावर एके ठिकाणचा रंग फुगून सुटायला लागला तेव्हा आग नेमकी कुठे आहे ते कळलं. पत्रा कापून तिथून पाणी मारावं म्हणून गॅस कटर मागवला, तो चालला नाही. पाणी इतकं तापलं की बोटीभोवती उकळत होतं.

मग दुसरं काय करता आलं असतं? घरी खुर्चीत बसून याची उत्तरं फार सोपी वाटतात. बोट गोदीबाहेर ओढून न्यायची? व्हिक्टोरिया ही दरवाजे असलेली गोदी, भरतीच्या वेळेलाच ते उघडतात. टग हवेत, दोर धरायला डेकवर माणसं हवीत, आणि अरुंद वाटेत बोट उडाली तर गोदीचं तोंडच बंद. तळाचे व्हॉल्व्ह उघडून जागीच बुडवायची? गोदीत बोटीच्या तळाखाली पाणी मोजकंच. ती काही फूट बसेल आणि थांबेल, ट्वीन डेक कोरडाच राहील. फाळका बंद करून आत वाफ सोडायची? कापसाच्या आगीवर हा त्या काळचा खरा उपाय, आणि तो अगदी सुरुवातीला, धुराची पहिली रेघ दिसताच केला असता तर कदाचित जमलं असतं. पण वाफेने गुदमरवणं हे काम दिवसांचं आहे, तासांचं नाही, आणि वरच्या मजल्यावर नाजूक स्फोटकं ठेवून तितके दिवस थांबायला छाती लागते. शिवाय हुकूम कुणाचा? कॅप्टन बोटीचा मालक, गोदीचा अधिकारी धक्क्याचा, फायर ब्रिगेडचे नॉर्मन कूम्ब्स आगीचे, लष्कराचा दारूगोळा अधिकारी स्फोटकांचा. चौघेही तिथे हजर, आणि 'मी सांगतो तसंच करा' म्हणण्याचा अधिकार एकट्या कुणाकडेच नाही. माझ्या मते पाण्याइतकाच वेळ या गोष्टीनेही घालवला.

३:५० ला बोट सोडायचा हुकूम झाला. ४:०६ ला पहिला स्फोट. बोट दोन तुकडे झाली, बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या, शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. ४:३४ ला दुसरा, त्याहून मोठा. सिंदिया कंपनीची जलपद्म शेजारीच होती, लाटेने तिची मागची बाजू उचलून धक्क्यावरच्या शेडवर नेऊन ठेवली. आजूबाजूच्या अकरा बोटी बुडाल्या किंवा बुडायला लागल्या. फायर ब्रिगेडची ६६ माणसं गेली. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो याच ६६ जणांसाठी. कॅप्टन नेस्मिथही वाचले नाहीत. एकूण मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितले जातात, ऐंशी हजार लोक बेघर झाले. जळता कापूस उडून मैलभरावरच्या छपरांवर पडला आणि खरी नासधूस त्याने केली. बातमीवर सेन्सॉर होता. जगाला ती आधी कळली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून.

पुढे मी काही वर्षं मुलांना कार्गो शिकवला. पहिल्याच महिन्यात त्यांना एक गणित द्यायचो: पाच होल्डची बोट, दोन आणि चारच्या ट्वीन डेकमध्ये दारूगोळा, बंदरात ८,७०० गासड्या, इतकं तेल, इतकं लाकूड, एवढा गंधक. बोटीचं नाव सांगायचो नाही. पोरं हुशार, लगेच म्हणत, "सर, हा माल घ्यायचाच नाही." बरोबर. मग मी म्हणायचो, "माल घ्यावाच लागेल असा हुकूम आहे, बोट युद्धात आहे." मान खाली घालून नकाशे सुरू. तासाभराने बघितलं की बहुतेकांनी काही गासड्या दोन नंबरच्या तळात टाकलेल्याच असत. विचारलं की उत्तर एकच: "सर, ट्रिम बसत नाही." म्हणजे सगळा कापूस मागच्या होल्डमध्ये घातला तर बोटीचं बूड बसतं आणि नाक वर होतं. एका पोरीने मात्र चार-पाचशे गासड्या धक्क्यावरच ठेवल्या आणि खाली लिहिलं, 'एजंटचा फोन आला तर कॅप्टनने घ्यावा.' तिला मी पैकीच्या पैकी दिले.

आता बाकीच्या बोटींचं काय झालं. फोर्ट मालिकेतल्या अनेक बोटी टॉर्पेडोने आणि सुरुंगांनी गेल्या. वाचलेल्या युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेल्या आणि जगभरच्या नव्या, कमी भांडवलाच्या कंपन्यांनी उचलल्या. ग्रीकांचं जहाजांचं साम्राज्य असल्याच बोटींवर उभं राहिलं. आपल्याकडेही. मुंबईची ग्रेट ईस्टर्न शिपिंग कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली, तिची पहिली बोट म्हणजे फोर्ट एलिस, नाव बदलून 'जग विजय'. कंपनीच्या गोष्टीत तिलाही लिबर्टीच म्हणतात, सवयीने. पण नावातच 'फोर्ट' आहे. म्हणजे मुंबईची गोदी जिने उद्ध्वस्त केली तिच्याच जोडीची बोट चार वर्षांनी मुंबईची एक जहाज कंपनी उभी करायला आली. तीच कोळशाची भट्टी, तेच तीन सिलिंडर, तेच पाच होल्ड. साठच्या दशकापर्यंत या जातीच्या बऱ्याच बोटी भंगारात गेल्या. पंधरा-वीस वर्षं कमावून गेल्या. कच्च्या बोटींना ते जमत नाही. इंजिन बघायचं असेल तर अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेरेमाया ओब्रायन ही १९४३ ची लिबर्टी अजून चालती आहे. बॉयलर तिचे तेलाचे, पण ते तीन सिलिंडरचं इंजिन त्याच जातीचं. मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर फेरे. इंजिनरूममध्ये उभं राहून माणसं गप्पा मारू शकतात इतकं शांत, फक्त गरम तेल आणि वाफेचा वास.

एक वेगळं नशीबही सांगतो. रिचर्ड मॉन्टगोमेरी नावाची लिबर्टी, फोर्ट स्टिकीननंतर चारच महिन्यांनी, ऑगस्ट १९४४ मध्ये, थेम्सच्या मुखाशी शीरनेसजवळ वाळूत रुतून मोडली. तिच्यात अजूनही सुमारे १,४०० टन स्फोटकं पडून आहेत, जवळपास फोर्ट स्टिकीनच्याच आकड्याएवढी. भोवती बोयांचं कुंपण आहे, रडारचा पहारा आहे आणि भरती असो की ओहोटी, तिच्या डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसत आल्या आहेत. ऐंशी वर्षांत ती उडालेली नाही. तिच्यात कापूस नव्हता.

फोर्ट स्टिकीनचं स्वतःचं शिल्लक राहिलं ते फार थोडं आणि फार लांबवर विखुरलेलं. गोदी साफ करायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती; तुमचे आजोबा त्या दिवशी वाचले असतील तर नंतर त्या कामावर असण्याची शक्यता बरीच आहे. घरात त्यांचा त्या वर्षाचा गोदीचा पास किंवा बिल्ला असेल तर जपून ठेवा. सोन्याच्या विटांपैकी एक मैलभर उडून गिरगावातल्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छपरातून आली. त्यांनी ती सरकारला परत केली आणि ९९९ रुपये बक्षीस मिळालं. काही विटा सत्तरच्या दशकात गाळ काढताना सापडल्या, पुन्हा फेब्रुवारी २०११ मध्ये सापडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ड्रेजरने ४५ किलोचा एक तोफगोळाही वर काढला, न फुटलेला.